पट्टीतला एक रुपया आणि चार ठिकाणी लिहिलेली तोलाई

हरिपूरवाला

मंडळी, नमस्कार.

सांगलीत आमचं चार जणांचं सॉफ्टवेअरचं छोटं काम आहे. मार्केट यार्डातल्या अडत पेढ्यांना आम्ही हिशोबाचा प्रोग्राम करून देतो. सौदा, वजन, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीतून खर्च कापून त्याच्या हाती येणाऱ्या रकमेचा कागद), खरेदीदाराचं बिल, खतावणी, सगळं त्यात येतं. माल तीन तऱ्हेचा: हळद, गूळ, बेदाणा. गेल्या महिन्यात जे झालं ते अजून मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

एका पेढीवर तोलाई, म्हणजे माल तोलायची मजुरी, पोत्यामागे आणि रव्यामागे एक रुपयाने वाढली. निरोप आला तसा मी हळदीच्या फंक्शनमध्ये, म्हणजे हळदीचा हिशोब करणाऱ्या कोडच्या तुकड्यात, दर बदलला. गुळाचं फंक्शन दोन वर्षांपूर्वी हळदीचंच उचलून चिकटवलेलं, तिथेही बदलला. बेदाण्याचा हिशोब बॉक्सवर होतो, त्याला हात लावायची गरज नव्हती. नमुन्याची पट्टी काढून पाहिली, बरोबर आली.

आठवड्याने एक शेतकरी पेढीवर आले. खिशातून चार घड्या घातलेली पट्टी काढली आणि शेजारी खात्याचा उतारा ठेवला. ३८ पोती हळद. पट्टीत कापलेली तोलाई आणि उताऱ्यात दाखवलेली तोलाई यांत ३८ रुपयांचा फरक. दिवाणजींनी मला बोलावून घेतलं. शेतकरी एकच गोष्ट विचारत होते, "यातला खरा आकडा कुठला?" रागावलेलेही नव्हते. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना, कारण उत्तर मलाच कोड उघडून शोधावं लागणार होतं.

झालं होतं ते असं. उतारा काढणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा, तोलाई स्वतः नव्याने मोजत होती. पोती गुणिले दर, आणि दर क्वेरीतच लिहिलेला. म्हणजे तोलाईचा नियम हळदीत, गुळात, बेदाण्यात आणि उताऱ्यात अशा चार ठिकाणी होता, आणि चौथी जागा आमच्या चौघांपैकी कुणाच्याच लक्षात नव्हती.

त्या रात्री पीएमडी या कोड तपासणाऱ्या अवजारासोबत येणारं सीपीडी चालवलं. हे अवजार कोडचे टोकन, म्हणजे शब्द-चिन्हांचे सुटे तुकडे, पाडतं आणि सलग सारखे येणारे तुकडे शोधतं. किमान लांबी १०० टोकन ठेवली तेव्हा हळद आणि गूळ ही जोडी लगेच सापडली. ५० वर आणली तेव्हा बेदाण्याचेही काही तुकडे जुळले. उताऱ्याची क्वेरी काही केल्या सापडली नाही, आणि सापडणारही नव्हती. भाषा वेगळी, शब्द वेगळे, क्रम वेगळा. सारखा फक्त अर्थ. आणि आम्हाला नडली ती नेमकी तीच नक्कल.

आता दुसरी बाजू. "नकला आहेत ना, मग करा एक" हे मी पूर्वी एकदा करून बसलोय. तिन्ही मालांचं मिळून एकच फंक्शन केलं होतं. हळद पोत्यात येते, गूळ रव्यात म्हणजे ढेपेत, बेदाणा बॉक्समध्ये. म्हणून "पोते आहे का", "रवा आहे का", "बॉक्स आहे का" अशी निशाणं आत पाठवायची. मग ओल्या मालाची घट फक्त हळदीला, बारदान वजा कुणाला करायचं आणि कुणाला नाही, असं एकेक वाढत सात निशाणं झाली. लिझार्ड नावाच्या, गुंतागुंत मोजणाऱ्या अवजाराने सुटी तीन फंक्शनं १४, १३ आणि ११ अशी मोजली होती. एकत्र केलेल्याचा आकडा आला ४७. नक्कल शून्य झाली, आणि त्या फाइलला हात लावायला कुणी तयार होईना. शेवटी परत तोडून तीन केली.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की सारख्या दिसणाऱ्या ओळी मोजणं सोपं आहे, पण एकच निर्णय किती जागी लिहिलाय हे माणसानेच बसून शोधावं लागतं. तोलाईचा दर हा एक निर्णय. नग कसे मोजायचे हे तीन मालांचे तीन वेगळे निर्णय. ओळी कितीही सारख्या दिसोत, ते तीन एकत्र बांधणं ही चूक होती.

तुमच्याकडे हे कसं करता? आकडे मोजता का? मोजल्यावर काय करता?

मिरजकरीण

धाग्याबद्दल धन्यवाद. ३८ रुपयांचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला. मी पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे, असे प्रसंग रोज पाहते.

एक प्रश्न. १४, १३, ४७ हे आकडे नेमके कशाचे? आमच्याकडे नियम आहे की फंक्शनचा आकडा १० च्या वर जाता कामा नये. हे १० आलं कुठून, ते कुणी सांगत नाही. आणि कधी कधी १२ वालं फंक्शन सरळ वाचता येतं, ६ वाल्यात मात्र डोकं अडकतं. असं का?

हरिपूरवाला

@मिरजकरीण, हा आकडा थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडला. फंक्शनमधून आरपार जाणाऱ्या एकमेकांपासून स्वतंत्र वाटा किती, ते तो सांगतो. हाताने मोजायचा तर सोपा आहे: जिथे जिथे "जर" येतो, लूप (तेच काम पुन्हा करणारा फेरा) येतो, "आणि/किंवा" येतो, तिथे एक धरायचा आणि शेवटी एक मिळवायचा. १० ची मर्यादाही त्यांनीच सुचवलेली, सोयीची रेघ म्हणून. लिझार्ड आपणहून १५ च्या वर इशारा देतं. ही रेघ प्रत्येक अवजारात वेगळी असते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी आमच्याच कोडचा तुकडा मराठीत लिहून दाखवतो.

जर माल हळद असेल
  जर सौदा पक्का असेल
    जर वजन > ० आणि दर > ०
      पट्टी काढ

तीन "जर" आणि एक "आणि", चार झाले. अधिक एक, पाच. आता हेच असं लिहू:

जर माल हळद नसेल, परत जा
जर सौदा पक्का नसेल, परत जा
जर वजन <= ० किंवा दर <= ०, परत जा
पट्टी काढ

मॅकेबचा आकडा पुन्हा पाचच. काम तेच, वाटा तेवढ्याच. पण दुसरं वाचताना डोक्यात काही धरून ठेवावं लागत नाही. एक ओळ वाचली की ती संपली.

हा फरक पकडायला सोनारसोर्स या कोड तपासायची अवजारं करणाऱ्या कंपनीच्या ॲन कॅम्पबेल यांनी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी नावाची दुसरी मोजणी आणली. तिच्यात "जर"च्या आत "जर" गेला की दंड वाढत जातो. वरच्या पहिल्या तुकड्यात पहिल्या "जर"ला १, आतल्याला २, त्याच्या आतल्याला ३, आणि "आणि"चा १, असे ७. दुसऱ्यात तीन "जर"चे ३ आणि "किंवा"चा १, म्हणजे ४. तुमचं १२ वालं फंक्शन बहुधा सपाट असेल आणि ६ वालं खोल.

विटेकर

लई भारी उदाहरण. वाचनखूण साठवली.

आमचा जुना प्रोग्राम पीएचपीत आहे, थोडं जावास्क्रिप्ट. मी काय वापरू? आणि पैसे घालायची तयारी नाही, आधीच सांगतो.

हरिपूरवाला

@विटेकर, दोन्हींसाठी फुकटात काम होतं. गुंतागुंतीला लिझार्ड, ते पीएचपी आणि जावास्क्रिप्ट दोन्ही वाचतं. नकलांसाठी जेएससीपीडी, तेही दोन्ही वाचतं. ते मुळात ५ ओळी आणि ५० टोकनांवर लावलेलं असतं. पहिल्यांदा चालवाल तेव्हा यादी मोठी येईल, दडपून जाऊ नका. टोकन १०० करून फक्त वरच्या दहा नोंदी बघा. पायथनचं काही असेल तर रॅडॉन चांगलं आहे. ते फंक्शनला ए ते एफ अशा श्रेणी देतं. १ ते ५ ला सगळ्यात वरची, ४१ च्या पुढे सगळ्यात खालची.

खडूफळा

मी इथल्याच एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकवते. हरिपूरवाला, तुमचा मराठी तुकडा वर्गात वापरू का?

दोन गोष्टींची भर घालते. मॅकेबची व्याख्या आलेखाची आहे. कोडचे टप्पे म्हणजे बिंदू, एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे रेषा: रेषा वजा बिंदू अधिक दोन. "जर" मोजून एक मिळवणं हा तिचाच सोपा अवतार. मात्र मुलं इथे एक गल्लत करतात, त्यांना वाटतं की हा आकडा म्हणजे एकूण वाटा. तसं नाही. एकाखाली एक असे दहा स्वतंत्र "जर" असतील तर मॅकेबचा आकडा ११ येतो, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत जायच्या वेगवेगळ्या वाटा १०२४ होतात. ब्रायन नेजमे यांनी १९८८ मध्ये त्या सगळ्या वाटांचा अंदाज देणारं एनपाथ हे माप मांडलं. टेस्ट किती लिहायच्या हे ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा आहे.

दुसरं म्हणजे, मोठ्या फंक्शनचा आकडा मोठा येणारच. ओळींची संख्या आणि मॅकेबचा आकडा बहुतेक हातात हात घालून वाढतात. त्यामुळे "आकडा मोठा आहे" या वाक्यातून कित्येकदा "फंक्शन लांब आहे" याहून जास्त काही कळत नाही. लांबी आणि खोली दोन्ही शेजारी ठेवून बघावं.

आणि आकडा न वाढताही घात होतो, त्याचं एक उदाहरण. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमधली चूक उघड झाली. "गोटू फेल" ("चुकीच्या जागी उडी मार") ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. पहिली "जर"च्या ताब्यात, दुसरी मोकळी. त्यामुळे प्रत्येक वेळी तिथूनच उडी बसायची आणि पुढची सही तपासणी व्हायचीच नाही. जास्तीची ती ओळ नवा "जर" आणत नाही, म्हणून मॅकेबच्या आकड्याला ती दिसतच नाही. एका ओळीची नक्कल सीपीडीच्या चाळणीतूनही गळून जाते. "या कोडपर्यंत कधीच पोचता येत नाही" असा कंपायलरचा इशारा सुरू असता तर ती सापडली असती.

कोथरूडस्थित

मूळचा तासगावचा, आता पुण्यात.

मोजायला माझी ना नाही, पण जपून. मी पूर्वी जिथे होतो तिथे वरून आदेश आला: तिमाही संपायच्या आत एकही फंक्शन १० च्या वर दिसता कामा नये. दिसेनात. कारण लोकांनी हिशोब_भाग१, हिशोब_भाग२, हिशोब_भाग३ असे तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा पुढच्याला आठ-नऊ गोष्टी हातात देतो. आकडे हिरवे, आणि एक नियम समजून घ्यायला तीन फाइली उघड्या ठेवाव्या लागतात. जे एका नजरेत दिसत होतं तेही गेलं. अशी तोड करण्यापेक्षा ते लांब फंक्शन बरं होतं, हे मी मनापासून सांगतो.

तोडायचंच तर नाव देता येईल अशा जागी तोडावं. "बारदान_वजा_करून_वजन" हे नाव सुचतं, म्हणजे तिथे खरंच एक कल्पना आहे. "भाग२" सोडून दुसरं नाव सुचत नसेल तर तिथे सांधा नाही.

मिरजकरीण

@कोथरूडस्थित +१. नावाची कसोटी फार आवडली.

मग रेघ कुठे मारायची?

कृष्णेचा घाट

रेघेवरून बोलतो. आपल्याकडे सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी सगळ्यांना पाठ असते. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गावभागात होतो तेव्हा नुसती पातळी कुणी विचारत नव्हतं. प्रत्येक जण विचारायचा, "चढतंय की उतरतंय? तासाला किती?" ४२ फुटांवर उतरणारं पाणी आणि ३८ वर भराभर चढणारं पाणी, यांत सामान वर कधी हलवायचं ते दुसऱ्यावरून ठरतं.

आम्ही कोडचं तसंच ठेवलंय. जुन्या कोडचा आकडा आहे तो लिहून ठेवला. नवीन बदल घेताना एकच अट: तू हात लावलेल्या फंक्शनचा आकडा होता त्यापेक्षा वाढला तर का वाढला ते सांग. आदेश नाही, बंदी नाही, फक्त कारण सांगायचं. सहा महिन्यांत फरक जाणवला.

हरिपूरवाला

@कृष्णेचा घाट, हे अगदी पटलं. आम्हीही यात एक जोडलंय. फंक्शन किती गुंतागुंतीचं आहे याच्या शेजारी ते किती वेळा बदललं जातं ते ठेवायचं. गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं अवजार, त्याच्या नोंदीतून फाइलवार बदल मोजता येतात, त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. ॲडम टॉर्नहिल यांनी ही पद्धत बरीच पुढे नेली. ते अशा जागांना हॉटस्पॉट म्हणतात.

आमच्याकडे सगळ्यात मोठा आकडा, ५८, जुन्या प्रोग्राममधला डेटा आत घेणाऱ्या फंक्शनचा आहे. तीन वर्षांत त्याला कुणी शिवलेलं नाही. पट्टीच्या फाइलचे आकडे १४ च्या आतबाहेर, पण वर्षात ६१ वेळा बदलली. आधी काम कशावर करायचं हे पाच मिनिटांत कळलं. ५८ वालं जिथे आहे तिथे शांत पडू दे.

दिवाणजी (निवृत्त)

मी प्रोग्रामर नाही. यार्डात ३१ वर्षं दिवाणजी होतो. मुलाने हा धागा दाखवला म्हणून लिहितो. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे नक्कल वाईट म्हणताय. आमच्या कामाचा पायाच नक्कल आहे. तोच आकडा रोजकीर्दीला लिहायचा, तोच खतावणीला. महिनाअखेर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बेरजांचा ताळा, मांडायची. दोन ठिकाणी लिहिलंय म्हणूनच चूक सापडते. एकाच वहीत एकदाच लिहिलं असतं तर चूक झाली हे कळायलाच मार्ग नव्हता. या शेतकऱ्यालाही चूक सापडली ती पट्टी आणि उतारा दोन्ही हातात होते म्हणून. मग नक्कल काढून तुम्ही त्यांची ताळा करायची सोयच काढून घेताय का?

खडूफळा

काका, फार मोलाचा प्रश्न विचारलात. हरिपूरवाला काय म्हणतात ते वाचायला थांबले आहे.

हरिपूरवाला

काका, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करत होतो. उशिरा उत्तर देतोय, क्षमा असावी.

तुमच्या दोन वह्यांत रक्कम दोनदा लिहिली जायची. दर मात्र दोनदा ठरत नव्हता, बरोबर ना? तोलाईचा दर बाजार समितीच्या कागदावर एकदाच. त्यावरून पट्टी झाली की तीच रक्कम कीर्दीला आणि तिथून खतावणीला. आणि तुम्ही महिनाअखेर ताळा घेत होता. आमच्याकडे उलटं होतं. दर चार ठिकाणी लिहिलेला, आणि ताळा घेणारं कुणीच नाही. तो शेवटी शेतकऱ्याने घेतला.

तुमचं वाचून मी आमची दुरुस्तीच बदलली. सुरुवातीला ठरवलं होतं की एक तोलाई फंक्शन करायचं आणि उताऱ्यानेही तेच बोलवायचं. त्याने फरक मिटला असता, पण तुम्ही म्हणता तशी चूक लपलीही असती. आता असं केलंय. दर एका तक्त्यात, प्रत्येक दराला लागू तारीख. म्हणजे जुनी पट्टी पुन्हा छापली तर जुन्याच दराने निघते, हे आधी होत नव्हतं. पट्टी होताना मोजलेली तोलाई रक्कम म्हणून साठवायची. उतारा काही मोजत नाही, साठवलेलं दाखवतो. आणि रोज रात्री एक वेगळा छोटा प्रोग्राम दिवसभराच्या पट्ट्यांची बेरीज आणि खतावणीची बेरीज जुळवतो. एका रुपयाचाही फरक निघाला तर सकाळी माझ्या फोनवर निरोप येतो.

तुमचाच मुद्दा आमच्या टेस्टनाही लागू पडतो. आमची टेस्ट अपेक्षित रक्कम काढायला पट्टीचंच फंक्शन वापरत होती. म्हणजे खतावणीवरून खतावणी तपासल्यासारखं, कायम जुळणारच. टेस्टमधला आकडा बाहेरून, हाताने काढलेला पाहिजे. तिथे आकडे दोनदा लिहिलेले असणं चांगलंच.

मायकेल फेदर्स यांनी जुन्या कोडसाठी सांगितलेली रीत यात उपयोगी पडते: बदलायच्या आधी कोड आज जे वागतो ते टेस्टमध्ये पकडून ठेवायचं. पण आज जे वागतो ते बरोबर आहे का, हे मला कोण सांगणार?

दिवाणजी (निवृत्त)

आता समजलं. कागद एकच, वह्या दोन. हे बरोबर आहे.

माझ्याकडे हाताने केलेल्या जुन्या पट्ट्यांचं बाड आहे. हळद, गूळ दोन्ही, थोड्या बेदाण्याच्याही. फाटकं पोतं, ओला माल, अर्ध्यातून परत नेलेला माल, सगळे प्रकार त्यात मिळतील. पुराच्या पाण्यात खालचे काही गेले, वरचे नीट आहेत. रविवारी सकाळी घरी या. चष्मा मात्र बरोबर आणा, शाई फिकी पडलीय.

विटेकर

हे वाचून डोळे पाणावले राव. रविवारचं काय झालं ते इथे लिहा, वाट बघतोय.

हरिपूरवाला

रविवारचा वृत्तांत.

काकांकडे साडेतीन तास बसलो. काकूंनी दोनदा चहा दिला. २६ पट्ट्या निवडल्या. प्रत्येकीचं वजन, नग, भाव आणि त्या वेळचे दर प्रोग्राममध्ये भरले. २३ जुळल्या. एकीत काकांचीच बेरीज चुकली होती. त्यांनी ती पेनने दुरुस्त करून शेजारी आजची तारीख घातली.

उरलेल्या दोन हळदीच्या, आणि दोन्हींत प्रोग्रामची कपात एकेका रुपयाने जास्त येत होती. त्या पट्ट्यांवर हमालीत पैसे होते आणि तोलाईतही पैसे होते. आमचा कोड प्रत्येक कपात आधी वरच्या रुपयाला नेतो आणि मग बेरीज करतो. काका सगळ्या कपाती पैशांसकट मांडतात, बेरीज करतात आणि रुपया शेवटी पुरा करतात. मी विचारलं, योग्य काय? म्हणाले, "शेवटी. आधी केलं तर दर ओळीला शेतकऱ्याचे पैसे जातात."

घरी येऊन कोड शोधला. हळदीत आणि गुळात प्रत्येक ओळीला रुपया पुरा होतो, बेदाण्यात शेवटी. चौथी जागा खरेदीदाराच्या बिलात निघाली, तिथे तिसरीच तऱ्हा आहे. रुपया पुरा करण्यातला हा फरक सीपीडीने दाखवला नव्हता, लिझार्डनेही नाही.

दिवाणजी काका, बिलातला रुपया कसा पुरा करायचा ते सांगाल का? त्याच्या जुन्या पावत्या बाडात दिसल्या नाहीत.

दिवाणजी (निवृत्त)

बिलं वेगळ्या पेटीत आहेत, माळ्यावर. मुलाला काढून ठेवायला सांगतो. बुधवारी संध्याकाळी या.